सेऊलचे डोंगदेमुन : कपड्यांची झगमग आणि शिवणारे हात

दक्षिण कोरियाची राजधानी सेऊल. या शहराला पूर्वी भोवताली दगडी तट होता आणि तटाला मोठमोठे दरवाजे होते. पूर्वेकडचा दरवाजा तो डोंगदेमुन. 'डोंग' म्हणजे पूर्व, 'दे' म्हणजे मोठा आणि 'मुन' म्हणजे दरवाजा. मूळ दरवाजा चौदाव्या शतकाच्या अखेरचा; आज उभा आहे तो १८६९ साली नव्याने बांधलेला. पण सेऊलमध्ये कोणापुढेही 'डोंगदेमुन' म्हणा, त्याच्या डोळ्यांसमोर दरवाजा येत नाही, कपडे येतात. कापड, बटणे, चेन, लेस, तयार कपडे, ते विकणारी उंच उंच दुकानसंकुले आणि ते घालून फोटो काढणारी तरुण मुलेमुली. पूर्व आशियातील आजच्या फॅशनचे हे एक मोठे ठाणे आहे.

आम्ही मात्र फॅशन पाहायला गेलो नव्हतो. कोरियात तथागतांची जयंती चौथ्या चांद्रमासाच्या आठव्या दिवशी साजरी होते. त्याआधी सेऊलमध्ये कमळ-कंदिलांची मोठी मिरवणूक निघते. २०२० साली युनेस्कोने या उत्सवाची नोंद मानवजातीच्या सांस्कृतिक वारशात केली. ही मिरवणूक याच पूर्वदरवाजाकडून निघून जोंगनो रस्त्याने जोग्येसा विहारापर्यंत जाते. दोन-अडीच वर्षे थोडेथोडे पैसे साठवून आमच्या परिसरातील काही उपासक-उपासिका तेथे गेलो आणि उतरलो डोंगदेमुनलाच. आमच्यात कुर्ल्याच्या एका गाळ्यात बावीस वर्षे धागा कटिंगचे काम केलेल्या एक ताई होत्या. वाट दाखवायला एक कोरियन उपासिका होत्या. काही काळ बोधगयेला राहिल्यामुळे त्यांना कामापुरते हिंदी येत होते. या दोघींमुळेच मला डोंगदेमुन नीट दिसले, हे आधीच सांगितले पाहिजे.

फोटोसाठी उभी राहिलेली मुले

दरवाजापासून थोड्याच अंतरावर एक अजब इमारत आहे. तिला कोपरा नाही, सरळ भिंत नाही. चांदीच्या रंगाचा एखादा प्रचंड मासा रस्त्यावर येऊन पडावा तशी ती दिसते. हा डोंगदेमुन डिझाइन प्लाझा. बगदादमध्ये जन्मलेल्या वास्तुरचनाकार झाहा हदीद यांनी त्याचा आराखडा केला आणि २०१४ साली तो खुला झाला. बाहेरून पंचेचाळीस हजारांहून अधिक ॲल्युमिनियमचे पत्रे बसवले आहेत. पूर्वी या जागी १९२५ साली, जपानी राजवटीत बांधलेले स्टेडियम होते. ते पाडताना त्या आवारात जुन्या वस्तूंचा बाजार मांडणाऱ्या विक्रेत्यांनाही तेथून उठावे लागले. झगमगाटासाठी कोणाला तरी उठावे लागते, हा अनुभव आपल्याला नवा नाही.

सेऊल फॅशन वीक म्हणजे कोरियन डिझायनरांचा मोठा मेळा. प्लाझा उघडल्यापासून हा मेळा मुख्यतः येथेच भरत आला आहे. आत मॉडेल चालतात. पण खरी गर्दी असते ती बाहेरच्या उतारावर. देशोदेशीचे छायाचित्रकार तेथे उभे राहतात आणि सर्वसामान्य मुलेमुली नटूनथटून त्यांच्यासमोरून जातात. तेथे टिपलेले फोटो जगभरच्या मासिकांतून छापून येतात. आम्ही गेलो तेव्हा मेळा नव्हता, तरीही उतारावर फोटो चाललेच होते. एका मुलीने अंगापेक्षा दुप्पट मोठा कोट घातला होता. एका मुलाने पुरुषी सदऱ्यावर झालरीचा घेर गुंडाळला होता. मैत्रीण जमिनीवर बसून फोटो काढत होती, म्हणजे उभी असलेली उंच दिसावी. चांदीरंगी भिंतीचा पडदा फुकटच होता.

आमच्यापैकी काहींनी नाके मुरडली. मला मात्र ती मुले आवडली. ती कोणाच्या पैशावर मजा मारणारी वाटली नाहीत. उपासिकाताई म्हणाल्या, यातली कितीतरी मुले दुकानात, हॉटेलात काम करून कपड्यांसाठी पैसे जमवतात. आपण कसे दिसावे हे आपण ठरवायचे, आणि तसा फोटोही काढून घ्यायचा, एवढीच त्यांची हौस. ही हौस हलकी समजू नये, असे मला का वाटते ते पुढे येईलच.

कोरियाची ही कीर्ती एका दिवसात झालेली नाही. १९५३ साली युद्ध थांबले तेव्हा देश उद्ध्वस्त झालेला होता. तीनच वर्षांनी, १९५६ साली, अमेरिकेत शिकून आलेल्या नोरा नोह या बाईंनी कोरियातला पहिला फॅशन शो केला. १९९३ साली ली यंग-ही यांनी कोरियाचा पारंपरिक पोशाख हानबोक नव्या रूपात पॅरिसला नेला. ली सांग-बोंग यांनी २००६ साली कोरियन लिपीची अक्षरेच कपड्यांवर उमटवली. ज्या जपानी राजवटीने शाळांतून कोरियन भाषा हद्दपार केली होती, तिच्यानंतर साठ वर्षांनी ती अक्षरे पॅरिसच्या मंचावर चालली. १९९६ साली 'वोग' मासिकाची कोरियन आवृत्ती निघाली आणि कोरियन छायाचित्रकारांना आपल्या माणसांचे, आपल्या कपड्यांचे फोटो काढायला मोठे व्यासपीठ मिळाले.

कोणी काय घालावे?

दुसऱ्या दिवशी आम्ही ग्योंगबोक राजवाडा पाहिला. तेथे हानबोक घालून येणाऱ्याला तिकीट लागत नाही. त्यामुळे आसपास भाड्याने हानबोक देणारी दुकानेच दुकाने. तासाच्या हिशेबाने कपडे घ्यायचे आणि राजवाड्यात फोटो काढायचे. मुली राणीसारखा घेरदार घागरा घालतात, मुले घोड्याच्या केसांची काळी उंच टोपी घालतात. आजच्या कोरियात फोटोसाठी सर्वाधिक मिरवला जाणारा पोशाख बहुधा हाच असावा.

मी सहज विचारले, "पूर्वी ही टोपी सगळेच घालत का?" उपासिकाताई थांबल्या आणि म्हणाल्या, "नाही. आमच्याकडेही काही लोकांना मनाई होती."

वाचकहो, हे आपण सर्वांनी ऐकण्यासारखे आहे. जुन्या कोरियात 'बेकजाँग' नावाचा एक समाज होता. जनावरे कापणे, कातडे कमावणे, टोपल्या विणणे ही त्यांची कामे. त्यांची वस्ती वेगळी, लग्ने आपसांतच. त्यांनी रेशीम वापरायचे नाही, काळी टोपी घालायची नाही, कातडी जोडे घालायचे नाहीत. कातडे कमवायचे त्यांनी आणि जोडे घालायचे इतरांनी! डोक्यावर बांबूच्या पट्ट्यांची टोपी घालण्याची सक्ती होती, म्हणजे लांबूनच ओळख पटावी. १८९४ साली कायद्याने हा भेद रद्द झाला, पण माणसांच्या मनातून गेला नाही. शेवटी एप्रिल १९२३ मध्ये दक्षिणेकडच्या जिंजू गावी त्यांनी समतेसाठी संघटना उभारली. तिचे नाव ह्याँगप्याँगसा. या नावात तराजू आहे. दोन्ही पारडी सारखी असावीत, असा त्याचा अर्थ.

त्यानंतर चारच वर्षांनी आपले महाड झाले. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी प्रेतावरची वस्त्रे वापरावीत असे लिहून ठेवले आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला तो ग्रंथ जाळला गेला आणि त्याच परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या आयाबहिणींसमोर स्वतंत्र भाषण केले. लुगडे नेसण्याची जी तऱ्हा आणि कथलाचे जे दागिने लांबून जात सांगतात ते टाकून द्या, नीटनेटके लुगडे नेसा, स्वच्छ राहा, असे त्यांनी सांगितले. बाबासाहेब स्वतः नेहमी उत्तम शिवलेला सूट घालत. आपल्या प्रत्येक घरात भिंतीवर जो फोटो आहे तो बहुधा त्याच पोशाखातला आहे. तो सूट म्हणजे चैन नव्हती. ज्यांच्या अंगावर काय असावे हे हजारो वर्षे दुसऱ्यांनी ठरवले, त्यांच्या वतीने दिलेले ते उत्तर होते. म्हणूनच प्लाझाच्या उतारावर फोटोसाठी उभ्या राहिलेल्या मुलांकडे पाहून मला नाक मुरडता आले नाही.

रात्रीचा बाजार

पण चांगला कपडा घालण्याचा हक्क ही अर्धी गोष्ट झाली. उरलेली अर्धी डोंगदेमुनला रात्री दिसते.

रात्री आठच्या सुमारास इथली घाऊक दुकाने उघडतात आणि पहाटेपर्यंत चालतात. गावोगावचे दुकानदार येतात, मोठमोठ्या पिशव्या भरतात आणि सकाळी आपल्या गावी दुकान उघडायला परत जातात. गल्लीत पाऊल टाकायला जागा नसते. पाठीवर लाकडी घोडी लावून गठ्ठे वाहणारे हमाल आणि मोटारसायकलवर माणसाच्या दुप्पट उंचीचे तागे बांधून पळणारी पोरे यांतून वाट काढावी लागते.

या बाजाराची खरी करामत त्याच्या वेगात आहे. डिझायनर एखादा नमुना काढतो. कापड १९७० साली उघडलेल्या जवळच्याच प्रचंड कापडसंकुलात मिळते, बटणे आणि चेन तेथेच. कटिंग होऊन माल मोटारसायकलवरून मागच्या टेकडीवर शिलाईला जातो आणि इस्त्री होऊन एक-दोन दिवसांत दुकानात टांगला जातो. चित्रपटातल्या नटीने आज घातलेला कोट परवा रात्री इथे मिळतो, असे म्हणतात. कापड, कटिंग, शिलाई, विक्री हे सगळे पायी फिरता येईल एवढ्या टापूत असल्याने हे जमते.

ती मागची टेकडी म्हणजे चांगशिन-डोंग. सकाळी आम्ही मुद्दाम वर चढलो. अरुंद उभ्या गल्ल्या, एकाला एक चिकटलेली घरे. प्रत्येक घराच्या तळमजल्यातून मशीनचा आवाज येतो आणि खिडकीतून इस्त्रीची वाफ बाहेर पडते. शिवणयंत्राला तेथे 'मिशिंग' म्हणतात. आपल्या 'मशीन'चाच तो जपानमार्गे गेलेला भाऊ. एका उघड्या दारातून आत पाहिले. चार मशीन, एक इस्त्रीचे टेबल, भिंतीवर रिळांची मांडणी आणि पन्नास-साठीच्या तीन-चार बाया मान खाली घालून कामात. मजुरी बहुतेक ठिकाणी नगावर, म्हणजे आपल्याकडे पीस रेट म्हणतात तशीच. तरुण मुले या धंद्यात फारशी येत नाहीत. तरुणपणी मशीनवर बसलेल्या बायाच आता म्हाताऱ्या होत चालल्या आहेत.

आमच्या ताई दारात थबकल्या. आतल्या एका बाईच्या मांडीवर कपडा होता आणि हातात छोटी कात्री. ती धागे कापत होती. ताई म्हणाल्या, "भाऊ, हे तर आपल्या गाळ्यातलंच." त्यांनी हाताच्या दोन बोटांनी कात्रीची खूण केली. आतली बाई हसली आणि तिने बसायला स्टूल पुढे केले. भाषा एकमेकींची कळत नव्हती, तरी दोघींनी एकमेकींची बोटे पाहिली. कात्रीच्या कडीने अंगठ्याला पडलेला घट्टा दोघींचाही सारखाच होता.

शांती बाजारातला तरुण

टेकडी उतरून खाली आले की चाँगग्येचॉन नावाचा ओढा लागतो. एके काळी हा ओढा काँक्रीटखाली गाडून वर रस्ता केला होता; २००५ साली तो पुन्हा मोकळा केला. त्याच्या काठाने प्याँगह्वा बाजाराची लांबलचक इमारत उभी आहे. प्याँगह्वा म्हणजे शांती. युद्धात उत्तरेकडून आलेल्या निर्वासितांनी शिवणयंत्रे घेऊन या भागात कपड्यांचा धंदा सुरू केला, त्यातून १९६०च्या दशकात हा बाजार उभा राहिला. खाली दुकाने, वर कारखाने. जागा वाचवण्यासाठी एका मजल्याचे आडवे दोन भाग करून माळे केले होते. त्यांत ताठ उभेही राहता येत नसे. वारा नाही, उजेड नाही, कापडाची धूळ मात्र भरपूर. तेरा-चौदा वर्षांच्या मुली तेथे रोज चौदा-चौदा तास हेल्परचे काम करीत आणि महिन्याला दोन सुट्या मिळत.

येथे जिऑन ते-इल नावाचा तरुण काम करीत होता. जन्म १९४८ चा. बाप शिवणकाम करणारा, घरी दारिद्र्य, शाळा अर्धवट सुटलेली. तो हेल्परचा कारागीर झाला, कारागिराचा कटिंग मास्टर झाला. उपाशी मुलींना पाव घेऊन देण्यात बसचे पैसे संपत, मग हा रात्री कित्येक मैल चालत घरी जाई. एके दिवशी त्याला कळले की देशात १९५३ सालापासून कामगार कायदा आहे आणि त्यात आठ तासांचा दिवस लिहिलेला आहे! आईने उसने पैसे काढून त्याला त्या कायद्याचे पुस्तक घेऊन दिले. पण ते अवघड चिनी अक्षरांनी भरलेले. अर्थ सांगायला जवळ कोणी नाही. आपल्याला एखादा कॉलेजात शिकलेला मित्र असता तर किती बरे झाले असते, असे तो नेहमी म्हणत असे.

तरी तो थांबला नाही. त्याने सोबत्यांची संघटना बांधली. प्रश्नावली छापून कामगारांत वाटली. १२६ जणांचे भरलेले कागद परत आले, त्यावरून त्याने तास आणि आजार यांचा हिशेब मांडला. मी कागदांतच आयुष्य काढलेला माणूस आहे. धमकावलेल्या कामगारांकडून १२६ फॉर्म भरून घेणे म्हणजे काय काम आहे, हे मला कळते. त्याने राष्ट्राध्यक्षांना पत्र लिहिले. त्यातल्या मागण्या पाहा : चौदा तासांचे काम दहा ते बारा तासांवर आणा, दर रविवारी सुट्टी द्या, आरोग्य तपासणी खरीखुरी करा, हेल्पर मुलींची ७० ते १०० वॉनची मजुरी निम्म्याने वाढवा. कायद्याने दिलेले आठ तासही त्याने मागितले नव्हते!

अधिकारी, मालक, कोणीच दाद दिली नाही. १३ नोव्हेंबर १९७० रोजी याच बाजारासमोर, कामगार कायदा पाळा, आम्ही यंत्रे नाही, असे ओरडत त्याने कायद्याच्या पुस्तकासह स्वतःला जाळून घेतले. वय अवघे बावीस. हा मार्ग कोणी धरावा असे मी कधीच म्हणणार नाही; आपल्याला जगून लढायला शिकवले आहे. पण त्याला त्या टोकाला नेणाऱ्या व्यवस्थेचा दोष त्याच्यावर टाकता येत नाही.

त्याची आई ली सो-सन. मागण्या मान्य झाल्याशिवाय मुलावर अंत्यसंस्कार करणार नाही, असे तिने ठणकावले. त्याच महिन्यात कपडे कामगारांची युनियन उभी राहिली. १९८१ साली लष्करी राजवटीने ती मोडली, पुढे कामगारांनी ती पुन्हा उभारली. आई तुरुंगात गेली, बाहेर आली, पुन्हा कामाला लागली. २०११ साली ती वारली तेव्हा सारा देश तिला 'कामगारांची आई' म्हणत होता. २०२० साली सरकारने जिऑन ते-इलला मरणोत्तर मोठा नागरी सन्मान दिला.

ओढ्यावरच्या पुलावर त्याचा कमरेपर्यंतचा पुतळा आहे. भोवती फरसबंदीत लोकांनी दिलेल्या पितळी पाट्या बसवल्या आहेत. आमच्या ताईंनी पायातली चप्पल काढली आणि हात जोडले. प्लाझाचा चांदीरंगी मासा तेथून फार दूर नाही. दहा-पंधरा मिनिटे चालले की माणूस एका फोटोतून दुसऱ्या फोटोत जातो. दुसरा फोटो कोरियात सगळ्यांना माहीत आहे. त्यात एक आई मुलाची चौकटीतली तसबीर छातीशी कवटाळून आक्रोश करते आहे. कोणत्याही फॅशन मासिकात तो बसणार नाही. पण डोंगदेमुनच्या कपड्यांचा खरा फोटो पाहायचा तर तोही पाहिला पाहिजे.

चीवर आणि कंदील

संध्याकाळी मिरवणूक निघाली. हजारो कंदील, सगळे कागदाचे, हाताने केलेले. भिक्खू करड्या वस्त्रात, खांद्यावर तपकिरी चीवर. विनयपिटकात एक कथा आहे. मगधातली बांधांनी आखलेली भातशेते पाहून तथागतांनी आनंदाला विचारले, अशा आकाराचे चीवर तुला करता येईल का? आनंदाने तुकडे जोडून तसे चीवर करून दाखवले आणि भगवंतांनी त्याचे कौतुक केले. त्या भातशेतांचे बांध कोरियन भिक्खूंच्या खांद्यावर आजही शिवणीच्या रेघांत दिसतात. फाटक्या तुकड्यांचेच ते वस्त्र. पण प्रेतावरचे वस्त्र सक्तीने पांघरायला लावणे वेगळे आणि राजपुत्राने व न्हाव्याने एकाच संघात स्वखुशीने सारखे चीवर घेणे वेगळे. आणि भगवंतांनी वस्त्राबरोबर शिवणाऱ्याचेही नाव घेतले, हे आपण विसरू नये.

आज आपल्या वस्त्यांतल्या कित्येक बहिणी गाळ्यांत, घरी मशीनवर, पीस रेटने काम करतात. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. १९४६ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन आठवड्याचे काम ५४ तासांवरून ४८ तासांवर आले. तो कायदा या बहिणींच्या गाळ्यात पोहोचला आहे का? त्यांना वेतनचिठ्ठी मिळते का, भविष्य निर्वाह निधी कापतात तो भरतात का, जादा तासांचा हिशेब कोण ठेवतो? आपल्या मुलांमुलींत आता बी.कॉम., एलएल.बी. झालेले पुष्कळ आहेत. जिऑन ते-इलला जो शिकलेला मित्र मिळाला नाही, तो आपल्या बहिणींना मिळालाच पाहिजे. रविवारी विहारात वंदना झाल्यावर एक तास टेबल टाकून बसा, त्यांचे कागद वाचून द्या, फॉर्म भरून द्या. 'शिका' आणि 'संघटित व्हा' यांच्यामध्ये हे टेबल आहे.

आणि १४ एप्रिलला मुलांना नवे कपडे जरूर घ्या, फोटोही काढा. चांगले दिसा, ताठ उभे राहा. फक्त फोटो काढताना घरात कोणी शिवणारी आई, मावशी, आत्या असेल तर तिलाही मध्ये उभी करा.

जयभीम!